डासाशी मांडलेला हिशेब

दरवर्षी २० ऑगस्ट हा दिवस जगभर डास दिन म्हणून पाळला जातो. आपल्याकडे तो फारसा कुणाच्या लक्षात राहत नाही. खरे तर ज्या घटनेची आठवण म्हणून हा दिवस पाळतात, ती घटना आपल्याच देशात, निजामाच्या राज्यातील सिकंदराबाद छावणीजवळ घडली. १८९७ सालच्या त्या दुपारी लष्करी सेवेतील एका डॉक्टरने एका डासाचे पोट सुईने उघडले आणि माणसाला हजारो वर्षे छळणाऱ्या हिवतापाचे गुपित त्याच्या हाती लागले. त्या डॉक्टरचे नाव रोनाल्ड रॉस. शाळेच्या पुस्तकात हे नाव एका ओळीत येते आणि जाते. त्या ओळीमागचा माणूस मात्र मोठा विलक्षण होता. त्याला डॉक्टर व्हायचेच नव्हते. आणि ज्या कामासाठी त्याला आज सर्वांत जास्त आठवावे, ते काम त्या दुपारनंतर दहा-बारा वर्षांनी झाले.

रॉस यांचा जन्म १३ मे १८५७ चा, अल्मोड्याचा. मेरठला बंडाचा भडका उडून तेव्हा जेमतेम तीन दिवस झाले होते. वडील कंपनीच्या फौजेत अधिकारी. पुढे ते जनरल झाले. दहा भावंडांत रोनाल्ड थोरले. हिंदुस्थानातल्या गोऱ्या अधिकाऱ्यांच्या घरची रीत होती त्याप्रमाणे आठव्या वर्षी त्यांची रवानगी विलायतेला नातेवाइकांकडे झाली. मुलाचे मन चित्रकलेत, संगीतात आणि कवितेत. वडिलांनी मात्र त्याने डॉक्टर होऊन हिंदुस्थानच्या वैद्यकीय सेवेत शिरावे असे ठरवून टाकले होते. १८७४ मध्ये लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयात त्यांचे नाव घातले गेले. तिथे अभ्यास कमी आणि नाटके, कविता लिहिणे जास्त. एका परीक्षेत नापास झाले, काही काळ जहाजावर डॉक्टरकी केली आणि अखेर १८८१ मध्ये कसेबसे वैद्यकीय सेवेत दाखल झाले.

पहिली काही वर्षे अशीच गेली. मद्रास, ब्रह्मदेश, अंदमान अशा बदल्या होत राहिल्या. काम थोडे, वेळ भरपूर. त्या वेळात रॉस यांनी कादंबऱ्या लिहिल्या आणि गणिताची पुस्तके झपाटल्यासारखी वाचून काढली. छावणीतल्या सहकाऱ्यांना हा रिकामा उद्योग वाटला असल्यास नवल नाही. या गणिताचे पुढे काय झाले ते ओघाने येईलच.

१८८३ मध्ये त्यांची नेमणूक बंगळूरला होती. बंगल्यात डासांचा सुळसुळाट होता. रॉस यांच्या लक्षात आले की खिडकीखाली पाण्याचे एक पिंप ठेवलेले आहे आणि त्यात डासांच्या अळ्या वळवळत आहेत. त्यांनी पिंप उपडे केले. डास कमी झाले. उत्साहाने त्यांनी अधिकाऱ्यांच्या भोजनगृहातल्या कुंड्या, डबे, पिंपेही रिकामी करावीत असे तिथल्या लष्करी अधिकाऱ्याला सुचवले. त्याने ते झिडकारले. डास निसर्गानेच निर्माण केले आहेत, त्या व्यवस्थेत ढवळाढवळ कशाला, असा त्याचा सूर होता. रॉस यांनी ही हकिकत पुढे आपल्या आठवणींत नोंदवून ठेवली. गंमतीची वाटणारी ही हरकत आपण इथे लक्षात ठेवू, कारण सव्वाशे वर्षांनी ती नव्या रूपात पुन्हा उभी राहिली आहे.

त्या काळी हिवताप दलदलीच्या दूषित हवेने होतो असे मानत. मलेरिया या इटालियन शब्दाचा अर्थच मुळी वाईट हवा. आपल्याकडच्या आज्या त्याला थंडीताप म्हणत, एक दिवसाआड येणाऱ्याला एकांतरा म्हणत, आणि कोयनेलच्या कडू गोळीशिवाय त्याला उतारा नव्हता. १८८० मध्ये अल्जीरियात लाव्हरान या फ्रेंच लष्करी डॉक्टरने रुग्णाच्या रक्तात या तापाचे सूक्ष्म परजीवी पाहिले. पण ते एका माणसातून दुसऱ्यात जातात कसे, हे कुणालाच ठाऊक नव्हते. स्वतः रॉस यांचा तर लाव्हरानच्या शोधावरच विश्वास नव्हता. १८९४ मध्ये रजेवर लंडनला गेले असता पॅट्रिक मॅन्सन या ज्येष्ठ डॉक्टरने त्यांना सूक्ष्मदर्शकाखाली ते परजीवी दाखवले. हत्तीरोगाच्या जंतांची वाढ डासाच्या शरीरात होते हे मॅन्सन यांनी चीनमध्ये असताना दाखवून दिले होते. हिवतापातही डासाचा हात असावा, असा त्यांचा तर्क होता. सदतीस वर्षांचे, आजवर कशातच मन न रमलेले रॉस हा तर्क घेऊन १८९५ मध्ये परतले आणि सिकंदराबादला कामाला लागले.

मॅन्सन यांचा तर्क अर्धाच बरोबर होता. डास पाण्यात मरतो, ते पाणी माणूस पितो आणि त्याला ताप येतो, असे त्यांना वाटे. रॉस यांनी पैसे देऊन काही माणसांना असे पाणी पाजूनही पाहिले. आज असा प्रयोग कुठलीही समिती करू देणार नाही. त्यातून काही ठोस निघाले नाही. दोन वर्षे त्यांनी करड्या आणि तपकिरी डासांची शेकडो पोटे फाडली. हाती शून्य. मधेच कॉलऱ्याच्या साथीसाठी बंगळूरला धाडले गेले. १८९७ च्या उन्हाळ्यात उटीजवळच्या सिगूर घाटात हिवतापाचा शोध घ्यायला गेले आणि स्वतःच तापाने आडवे झाले.

त्या वर्षीचा ऑगस्ट सिकंदराबादला विलक्षण उकाड्याचा होता. बेगमपेठच्या इस्पितळातल्या छोट्या खोलीत रॉस सूक्ष्मदर्शकावर वाकलेले असत. पंखा ओढायला सांगावे तर फाडून ठेवलेले डास उडून जाणार. कपाळावरचा घाम गळून सूक्ष्मदर्शकाचे स्क्रू गंजले होते, भिंगाला तडा गेला होता. अशात त्यांच्या मदतनिसांनी कुठूनशा अळ्या आणल्या आणि त्यातून ठिपकेदार पंखांचे वेगळेच डास निघाले. आज आपण त्यांना अ‍ॅनाफिलीस म्हणतो. हुसेन खान नावाचा हिवतापाचा रुग्ण तिथे दाखल होता. १६ ऑगस्टला हे डास त्याला चावू दिले गेले. दर डासामागे एक आणा असा त्याला मोबदला मिळाला. २० तारखेला, डास अगदी थोडे उरलेले असताना, दुपारी रॉस यांना एका डासाच्या जठराच्या भिंतीत काही गोल पेशी दिसल्या. त्यांत काळे कण होते. असे कण हिवतापाच्या परजीवीतच असतात. दुसऱ्या दिवशी उरलेला डास फाडला, तर त्या पेशी आणखी मोठ्या झालेल्या. म्हणजे त्या जिवंत होत्या, वाढत होत्या. माणसाच्या रक्तातला परजीवी डासाच्या पोटात मुक्काम करतो, हे सिद्ध झाले. एरवी कविता लिहिणाऱ्या रॉस यांनी त्या आनंदात कविताही लिहिली.

या यशाचा मानकरी कोण, याचा विचार करताना हुसेन खानचे नाव सहसा कुणी घेत नाही. त्याला आपल्या अंगावर काय प्रयोग चालला आहे हे कितपत समजले होते? ज्या रोगाने अंग फणफणत होते त्याच रोगाचे कोडे आपल्या रक्तातून सुटेल, हे त्याला कुणी समजावून सांगितले असेल असे वाटत नाही. काही आणे हातावर पडले आणि तो इतिहासातून निघून गेला.

अर्धे कोडे अजून बाकी होते. डासाच्या पोटातून परजीवी पुन्हा माणसात येतो कसा? ते शोधायची वेळ आली आणि सरकारी खाक्याप्रमाणे रॉस यांची बदली झाली. राजपुतान्यातल्या खेरवाड्याला, जिथे हिवतापाचे रुग्ण मिळणेच कठीण. काही महिने हातावर हात ठेवून बसावे लागले. मॅन्सन यांनी खटपट करून त्यांना १८९८ च्या आरंभी कलकत्त्याला विशेष कामगिरीवर आणवले. पण तिथे वेगळीच अडचण आली. मुंबईत १८९६ पासून प्लेगने थैमान घातले होते, हाफकिन यांनी तिथेच प्लेगची लस तयार केली होती आणि टोचणीविषयी नाना अफवा कलकत्त्यापर्यंत पोहोचल्या होत्या. रक्ताच्या थेंबासाठी बोट पुढे करायलाही लोक तयार होईनात. सुई घेऊन येणारा साहेब प्लेगचेच काहीतरी टोचणार, अशी धास्ती होती. तेव्हा रॉस पाखरांकडे वळले. चिमण्या आणि चंडोलांनाही एक प्रकारचा हिवताप होतो. महंमद बक्ष या निष्ठावान मदतनिसाने पाखरे पकडली, डास जोपासले, त्यांना रात्री जाळीत पाखरांजवळ सोडले. जुलै १८९८ मध्ये रॉस यांना उत्तर मिळाले. डासाच्या जठरातल्या पेशी फुटतात, त्यातून निघालेले सूक्ष्म तंतू त्याच्या लाळग्रंथीत जमतात आणि मादी डास चावते तेव्हा लाळेबरोबर नव्या शरीरात शिरतात. निरोगी चिमण्या अशा डासांच्या चाव्याने आजारी पडल्या. साखळी पूर्ण झाली. मॅन्सन यांनी ही बातमी त्याच महिन्यात एडिंबरोच्या वैद्यकीय परिषदेत जाहीर केली.

त्याच वर्षाअखेर इटलीत ग्रासी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माणसाच्या हिवतापाची साखळी अ‍ॅनाफिलीस डासातून पूर्ण करून दाखवली. इथून जो वाद पेटला तो दोघांच्या मरणापर्यंत विझला नाही. १९०२ चे वैद्यकाचे नोबेल एकट्या रॉस यांना मिळाले. हा मान मिळवणारे ते पहिले ब्रिटिश. ग्रासी उपेक्षित राहिले. जिंकूनही रॉस यांची कटुता गेली नाही. आपल्या शोधाचे पुरेसे चीज झाले नाही, सरकारने योग्य बक्षीस दिले नाही, ही खंत ते आयुष्यभर उगाळत राहिले. ज्या मॅन्सन यांनी त्यांना वाट दाखवली त्यांच्याविरुद्धही एका पत्रावरून त्यांनी कोर्टाची पायरी चढली. मोठ्या माणसांचे मन नेहमीच मोठे असते असे नाही.

पण त्यांच्या कटुतेमागे आणखी एक कारण होते. रोगाचा वाहक सापडला, मग रोग का जात नाही, हा प्रश्न त्यांना स्वस्थ बसू देईना. १८९९ मध्ये हिंदुस्थान सोडून ते लिव्हरपूलच्या उष्णकटिबंधीय वैद्यक शाळेत शिकवू लागले आणि डासनिर्मूलनाचा ध्यास घेऊन देशोदेशी हिंडले. सुएझ कालव्यावरील इस्माइलिया गावात १९०२ पासून डबकी बुजवली, नाल्यांवर तेल टाकले, आणि काही वर्षांतच तिथला हिवताप जवळपास नाहीसा झाला. उलट लाहोरजवळच्या मियाँ मीर छावणीत तसाच प्रयोग फसला. कालव्यांच्या पाण्याने वेढलेला तो भाग. डास मारावेत तितके बाहेरून येत राहिले. डास संपवणे अशक्य आहे, असा निष्कर्ष अधिकाऱ्यांनी काढला. काम पुरेशा पैशाने आणि मनापासून केलेच नाही, असे रॉस यांचे म्हणणे होते.

या वादाचे उत्तर शोधताना तरुणपणी वाचलेले गणित त्यांच्या मदतीला आले. १९०७ च्या अखेरीस ते मॉरिशसला गेले. ऊसमळ्यांच्या या बेटावर हिंदुस्थानातून गेलेले लाखो मजूर होते. त्यांत कोकणातून गेलेली मराठी कुटुंबेही होती. आजही तिथे मराठी मंडळी गणेशोत्सव साजरा करतात. १८६७ च्या सुमारास हिवतापाच्या साथीने या बेटावर हजारो बळी घेतले होते. रॉस यांनी तिथे आकडे मांडले. एका माणसाला किती डास चावतात, त्यांतले किती रोगी माणसाला चावलेले असतात, त्यांतले किती परजीवीची वाढ पूर्ण होईपर्यंत जगतात. या साऱ्याचा गुणाकार करत ते एका निष्कर्षावर पोहोचले. एका रोग्यापासून सरासरी एकापेक्षा कमी नवे रोगी होऊ लागले की रोग आपोआप ओसरतो. म्हणजेच हिवताप घालवायला शेवटचा डास मारण्याची गरज नाही. डासांची संख्या एका विशिष्ट पातळीखाली आणली की पुरे. १९०८ चा मॉरिशसचा अहवाल आणि त्यानंतरचे त्यांचे ग्रंथ यांत हा विचार आला. तेव्हा फार कुणी तो मनावर घेतला नाही. १९५० च्या दशकात जॉर्ज मॅकडोनाल्ड यांनी तो पुढे नेला. करोनाच्या साथीत एका रुग्णापासून किती जणांना लागण होते तो आकडा आपण रोज वर्तमानपत्रात वाचत होतो. त्या आकड्यामागच्या विचाराचे एक मोठे मूळ रॉस यांच्या या हिशेबात आहे.

अखेरची वर्षे तशी उदासच गेली. लंडनजवळ पटनी येथे त्यांच्या नावाची संस्था १९२६ मध्ये उघडली. पुढच्याच वर्षी कलकत्त्याला ज्या इस्पितळाच्या आवारात त्यांनी चिमण्यांवर प्रयोग केले तिथे स्मारक उभे राहिले आणि ते पाहायला ते स्वतः आले. त्याच वर्षी त्यांना पक्षाघात झाला. पैशाची ओढ होती. नोबेल मिळवलेल्या या माणसाने आपली कागदपत्रे दोन हजार पौंडांना विकली. १९३१ मध्ये पत्नी गेल्या आणि १६ सप्टेंबर १९३२ रोजी रॉस यांनी आपल्याच नावाच्या संस्थेत अखेरचा श्वास घेतला.

त्यांच्या मागे काय झाले? स्वतंत्र भारतात दरवर्षी साडेसात कोटी लोकांना हिवताप होत असल्याचा अंदाज होता. १९५३ मध्ये डीडीटी फवारणीची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली आणि १९६० च्या दशकाच्या मध्याला रुग्णसंख्या लाखभरावर आली. रोग संपला असे वाटून यंत्रणा सैलावली. डास डीडीटीला पुरून उरायला शिकले. १९७६ मध्ये आकडा पुन्हा ६४ लाखांवर गेला. जगात २०२३ या एका वर्षी २६ कोटींहून अधिक लोकांना हिवताप झाला आणि सुमारे सहा लाख माणसे दगावली. त्यांत बहुतांश आफ्रिकेतली पाच वर्षांखालची मुले. आपण औषध बदलतो, डास स्वतःला बदलतो.

मग डासालाच आपण बदलले तर? गेल्या दहा-बारा वर्षांत जनुकांची कात्री हाती आल्यापासून शास्त्रज्ञ नेमके हेच करू पाहत आहेत. एरवी आई किंवा बाप यांच्याकडचे एखादे जनुक निम्म्याच पिल्लांत उतरते. पण या कात्रीचीच जोड देऊन असे जनुक बनवता येते की ते जोडीच्या गुणसूत्रावर स्वतःची नक्कल करते आणि जवळजवळ सगळ्या पिल्लांत पोहोचते. चमचाभर विरजणाने भांडेभर दूध दही व्हावे, तसे थोडे डास सोडले तरी काही पिढ्यांत सगळी जमात बदलू शकते. २०१८ मध्ये लंडनच्या इम्पीरियल कॉलेजात अशा पद्धतीने पिंजऱ्यातले आफ्रिकी अ‍ॅनाफिलीस सात ते अकरा पिढ्यांत नामशेष झाले. या कामाचे प्रमुख क्रिसान्टी हे इटालियन. रॉस आणि ग्रासी यांच्या देशांतले वैर असे प्रयोगशाळेत मिटले. दुसरी वाट अधिक सौम्य आहे. २०२५ मध्ये अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी अ‍ॅनाफिलीस स्टिफेन्सी या डासाच्या एका प्रथिनातला एकच दुवा बदलला. डास जगतो, चावतो, पण परजीवी त्याच्या लाळग्रंथीपर्यंत पोहोचूच शकत नाही. रॉस यांनी कलकत्त्यात शोधलेली वाट तिथेच बंद होते. हा स्टिफेन्सी म्हणजे आपल्या मुंबईच्या विहिरींतला आणि गच्चीवरच्या टाक्यांतला डास.

रॉस यांच्या हिशेबाला हे सारे धरूनच आहे. शेवटचा डास मारायचा नाही, साखळी तुटेल इतकेच करायचे. पण इथे बंगळूरच्या त्या अधिकाऱ्याची हरकत पुन्हा ऐकू येते, आणि या वेळी ती हसण्यावारी नेता येत नाही. पिंप पुन्हा भरून ठेवता येते. निसर्गात पसरलेले जनुक परत बोलावता येत नाही. एका गावाने होकार दिला तरी डास शेजारच्या गावाला विचारून जात नाही.

आपल्या देशाने याचा अनुभव घेतला आहे. १९६९ नंतर दिल्लीत जागतिक आरोग्य संघटना आणि भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद यांनी डासांच्या आनुवंशिक नियंत्रणाचे केंद्र चालवले. त्यात अमेरिकेचा पैसा होता. सोनिपतला वंध्य डास सोडायची तयारी झाली आणि हे जैविक युद्धाचे संशोधन तर नाही ना, असा संशय वर्तमानपत्रांत आणि संसदेत उठला. १९७५ मध्ये केंद्र बंद झाले. एकेकाळी सिकंदराबादसारखाच निजामाच्या राज्यात असलेल्या जालना जिल्ह्यात, दावलवाडी येथे, डेंगीच्या डासांवर २०१७ मध्ये पिंजऱ्यातल्या चाचण्या सुरू झाल्या. त्या डासांची पिल्ले मोठी होण्याआधीच मरतात, त्यामुळे त्यांचे जनुक कायमचे पसरत नाही. आफ्रिकेतल्या बुर्किना फासोतही असे न पसरणारेच डास सोडले गेले होते. तरी तिथल्या सरकारने ऑगस्ट २०२५ मध्ये ते काम थांबवले. स्वतःची नक्कल पसरवणारे डास तर २०२५ अखेरपर्यंत कुठेच मोकळे सोडलेले नाहीत.

या साऱ्यात रॉस यांच्या आयुष्याकडे पाहिले की एक गोष्ट ठळकपणे दिसते. त्यांचे शास्त्र पुढे गेले ते हुसेन खानच्या रक्ताने आणि अडले ते कलकत्त्याच्या लोकांच्या अविश्वासाने. त्या अविश्वासापुढे त्यांना चिमण्यांकडे वळता आले. आजच्या शास्त्रज्ञांना तशी पळवाट नाही. प्रयोग अख्ख्या मुलुखावरच होणार आहे आणि त्यातला प्रत्येक माणूस हुसेन खानच्या जागी असेल. त्याला आणा देऊन भागणार नाही. सारे सांगून त्याचे ऐकूनही घ्यावे लागेल. उलट, नुसते नको म्हणून बसलो तर सहा लाख मरणांचा जाब कुणी द्यायचा, हाही प्रश्न तितकाच खरा आहे. डास किती कमी केले म्हणजे पुरे, याचे सूत्र रॉस मांडून गेले. माणसांचा विश्वास किती मिळाला म्हणजे पुरे, याचे सूत्र अजून कुणी मांडलेले नाही.

तोवर आपल्या हाती राहतो तो रॉस यांचा सर्वांत पहिला आणि सर्वांत स्वस्त उपाय. आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळायचा आणि खिडकीखालचे पिंप उपडे करायचे.